पांढऱ्या कांडीतले आटे

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर बोलताना थोरला म्हणाला, "आजी, काच लेथवर चढवली की फुटणारच." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे तुमचं चित्र जागच्या जागी थिजलं. माझं उत्तर राहून गेलं. ते अर्धवट ठेवणं माझ्या स्वभावात नाही, हे तुम्हांला माहीत आहेच.

दुसरंही कारण आहे. आजोबांच्या माघारी पडून असलेला त्यांचा लेथ याच आठवड्यात गेला. नांदगावच्या एका वर्कशॉपवाल्याने टेम्पो आणला, चार माणसांनी तो फळ्यांवरून सरकवत चढवला, आणि आता मागच्या शेडमध्ये जमिनीवर तेलाचा एक चौकोनी डाग आहे. तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा शेडमध्ये नारळ भरलेले असतील. त्याआधी, सगळं नीट आठवतंय तोवर, लिहून काढते.

आजोबा मुंबईत एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, हे तुम्ही ऐकलेलं आहे. निवृत्त होऊन आम्ही इथे मालवणजवळ परत आलो तेव्हा त्यांनी एक जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, विकत घेतला आणि होड्यांच्या इंजिनांचे, पाण्याच्या पंपांचे सुटे भाग करून द्यायला लागले. मी शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे त्यांच्या कामात नाक खुपसायची मला सवय. ते वैतागत, पण सांगत.

त्यांच्या सामानात एक पांढरी कांडी होती. मोठ्या टॉर्चच्या सेलएवढी जाड, त्याहून थोडी लांब. संस्थेत मोठ्या कामातून उरलेला तुकडा. साहेबांनी निरोपाच्या दिवशी त्यांच्या हातात ठेवला होता. हाताला गार लागायची, संगमरवरासारखी दिसायची. मी ती वर्तमानपत्रावर वजन म्हणून ठेवत असे. धाकट्याने एका सुट्टीत ती बुद्धिबळातल्या हरवलेल्या उंटाच्या जागी वापरली होती; बाकीच्या सोंगट्यांमध्ये ती राक्षसासारखी दिसे. ती कांडी म्हणजेच थोरल्याच्या प्रश्नाचं उत्तर.

आता शेजारीण. नाताळात तुम्हांला दोदोल, ती नारळ-गुळाची मऊ वडी, पाठवते ती. तुम्ही तिला आजीच म्हणता. मला ती 'बाईनू' म्हणते, आजोबांना 'भाऊ' म्हणायची, आणि आजोबा तिला 'बाय'. ती मातीच्या वस्तू करते. गोव्यातल्या बहिणीने एक जुनी विजेची भट्टी तिला दिली होती, कपाटाएवढी, आतून विटांची. तिच्यात ती पणत्या, कुंड्या आणि नाताळच्या गोठ्यातल्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या, मूर्ती भाजते. घरोघरच्या लहान गोठ्यांसाठी तिच्या मूर्ती आधीपासूनच जात. इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मोठ्या गोठ्यासाठी मात्र दरवर्षी गोव्याहून रंगवलेल्या प्लास्टरच्या मूर्ती यायच्या. त्या वर्षी पाद्रींनी पहिल्यांदाच तिला विचारलं. तिने हो म्हटलं आणि पावसाळाभर घडवत बसली. मारिया, जुझे, बाळ, मेंढपाळ, तीन राजे. गाय आमच्याच वाडीतली, शिंगांवरून ओळखू येत होती. उंट तिने प्रत्यक्षात कधी पाहिलेला नव्हता. तो बराचसा म्हशीवर गेला होता.

नोव्हेंबरात, भात कापून झाल्यावर, मूर्ती पडवीत टोपल्यांमध्ये वाळून तयार होत्या आणि भट्टी बंद पडली.

भट्टीच्या मागच्या बाजूला, जिथे तापणारी तार भिंतीतून बाहेर येते, तिथे चिनी मातीचा एक बुश असतो. बुश म्हणजे मधून भोक असलेली जाड नळी, एका टोकाला टोपीसारखी कड. तार भोकातून येते आणि कडेवर दोन स्क्रूंनी बसवलेल्या पट्टीला जोडली जाते. या बुशाने तापही सोसायचा आणि वीजही अडवायची. तिथला एक बुश तडकून त्याचे दोन तुकडे झाले होते. भट्टी बनवणाऱ्यांचा कारखाना कधीच बंद पडलेला. कणकवलीच्या बाजारात तिने तुकडे दाखवत दुकानं पालथी घातली. तशा मापाचा कुठेच मिळाला नाही. मग एका वायरमनने बॅकेलाइटचा, जुन्या स्विचांच्या कडक प्लास्टिकचा, ठोकळा बसवून दिला. तो पहिल्याच तापात काळा पडला आणि असा वास सुटला की तिची कोंबडी दोन दिवस पडवीत फिरकली नाहीत.

ती तुटके तुकडे रुमालात बांधून आमच्याकडे आली.

"तू इतकी मातयेची कामां करतंस," आजोबा म्हणाले, "बुश पण मातयेचोच कर."

"केलंय असतंय. भाजू खंय? तुमच्या चुलीत?"

ती बरोबर होती. भट्टीचा भाग करायला भट्टीच हवी. आणि माती वाळताना, भाजताना आवळते, तेव्हा भोकांची मापं जुळतीलच असं नाही. मी हे दोन्ही मुद्दे मांडले. आजोबांनी माझ्याकडे न बघता खिडकीतली वर्तमानपत्रं उचलली आणि त्यांवरची पांढरी कांडी हातात घेतली.

"ह्यो खडू काय?" शेजारणीने विचारलं.

"काच आसा."

"काच? आणि ती लेथार लावतलास?"

थोरल्या, तिने अगदी तुझ्याच सुरात विचारलं होतं.

आजोबांनी सांगितलं ते असं. हा पदार्थ जन्माने काचच. वितळवून ओततात तेव्हा काच असतो. मग त्याला पुन्हा ठरावीक तापात ठेवतात, तेव्हा त्याच्या आत अभ्रकासारखे बारीक पापुद्रे वाढतात, डोळ्यांना न दिसणारे, एकमेकांत गुंतलेले. साध्या काचेला तडा गेला की तो थेट पलीकडे धावतो. इथे तडा निघाला की जवळच्याच पापुद्र्यापाशी अडतो. म्हणून हत्यार लावलं की मोठा टवका न उडता पिठी निघते. साधा लेथ, साधं ड्रिल, साधी करवत चालते. नंतर भाजावंही लागत नाही.

मला आमचा जांभा आठवला. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवं तसं तासून घेतात, मग वाऱ्यावर तो घट्ट होतो. मी म्हटलं, तसंच ना? आजोबा म्हणाले, नाही. चिरा नंतर बदलतो. हा बदलत नाही. जे माप कापलं तेच राहतं, भट्टीतही. मला ते फार आवडलं. मी शाळेत पदार्थांचे गुणधर्म शिकवले, पण असा आज्ञाधारक पदार्थ माझ्या पुस्तकात नव्हता.

अडचण एकच होती. कांडी एकच, आणि लांबी जेमतेम दोन बुशांची. दुसरी आणायची म्हटली तर नाताळ उलटून गेला असता. पाद्रींनी शेजारणीला स्पष्ट सांगितलं होतं, मूर्ती भाजून होत नसतील तर वेळेत कळव, म्हणजे गोव्याहून मागवता येतील. ती हे आम्हांला सांगताना हसत होती, पण रुमालाची गाठ सोडबांध करत होती.

काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं. आजोबांनी लेथवर जुनी चादर अंथरली, कारण ही पिठी सरकपट्ट्यांमध्ये गेली तर लोखंड खाते. तोंडाला फडकं बांधायला मी लावलं. ती श्वासात जाणंही बरं नव्हे. कांडी चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरताना जबड्यांखाली शीतपेयाच्या डब्याचा मऊ पत्रा घातला आणि चक हलक्या हाताने आवळला. वर खिळ्याला सलाइनची रिकामी बाटली पाणी भरून टांगली, तिची नळी हत्याराच्या टोकाशी आणली. थेंब थेंब पाणी पडत राहिलं. लेथ हळू ठेवला.

लोखंड कापताना गातं, ते तुम्ही ऐकलंय. हे गात नव्हतं. पाटीवर पेन्सिल ओढावी तसा खरखर आवाज. आणि कुरळे कीस नाहीत. कांडीवरून तांदळाच्या धुवणासारखं पांढरं पाणी ओघळत होतं. शेजारीण स्टुलावर बसून पाहत होती. काही वेळाने म्हणाली, "पेज आटवतास काय, भाऊ?"

नळीचा भाग झाला, कड झाली, मधलं भोक झालं. ड्रिल दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना टवका उडतो, म्हणून आजोबांनी मागे जास्तीची जाडी सोडली होती. ती नंतर कापून टाकली. कडेवरची दोन लहान भोकं ड्रिलच्या स्टँडवर, खाली फणसाच्या लाकडाचा ठोकळा घट्ट लावून पाडली. सगळं स्वच्छ, नीट. मी मनातल्या मनात पूर्ण गुण देऊन टाकले होते.

राहिले आटे. स्क्रू धरायचे तर भोकात आटे हवेत. त्यासाठी टॅप नावाचं हत्यार असतं, स्क्रूसारखंच, पण अंगाला धारा असलेलं. ते हाताने भोकात फिरवत न्यायचं. लोखंडात, पितळेत आजोबांनी हे काम उभं आयुष्य केलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवलं की आतला लांब कीस तुटतो आणि टॅप अडकत नाही. त्यांचा हात ते आपोआप करायचा. मी त्यांना चहाच्या बरणीचं झाकणसुद्धा तसं लावताना पाहिलंय. संस्थेत या पांढऱ्या पदार्थाचं त्यांनी कातकाम केलं होतं, भोकं पाडली होती. आट्यांचं काम मात्र दुसऱ्या टेबलावर जायचं.

अर्धा पुढे, पाव मागे. अर्धा पुढे, पाव मागे. मग 'टिक' असा बारीक आवाज झाला, नख तुटावं तसा. भोकापासून कडेपर्यंतचा तुकडा सुटून फणसाच्या ठोकळ्यावर पडला.

आजोबांनी लेथचं बटण बंद केलं. ते आधीच बंद होतं. शेजारीण उठली आणि पदर झटकत म्हणाली, "जाऊंदे भाऊ. माझो उंट कच्चोच सर्गात जातलो. थंय तेका म्हैस म्हणतले, इतक्याच."

आजोबा हसले नाहीत. जेवताना त्यांनी सोलकढी घेतली नाही.

मी तो तुटलेला तुकडा आणि माझं भिंग घेऊन खिडकीशी बसले. मला दुःखापेक्षा कुतूहल जास्त होतं, हे खरं सांगते. असं का व्हावं? सकाळभर जो पदार्थ शहाण्यासारखा वागला, तो इथेच का बिघडला? भिंगातून आटे दिसले. पहिले दोन-तीन धारदार होते. पुढचे चेंगरल्यासारखे, आणि त्यांच्या खाचांत पिठी ठासून बसलेली, दातांत पोहे अडकावेत तशी. मी आजोबांना हाक मारली. शेजारीणही आली, ती गेलीच नव्हती, विहिरीवर पाय धूत होती.

"इथे कीस कुठे आहे?" मी विचारलं. "तुम्ही मागे फिरवता ते कीस तोडायला. इथे कीसच नाही. पीठ आहे."

आजोबांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं.

शेजारणीने त्यांच्या खांद्यावरून डोकावलं. "मग उलटां फिरवलास कित्याक? जातां कोण उलटां फिरयता? माझ्या आवशीन हातार पळी मारल्यान असती."

तिच्या आईचाच नव्हे, आमच्याकडे सगळ्यांचाच जातं उलटं फिरवू नये असा दंडक होता. मला तो अंधश्रद्धेच्या खात्यात टाकलेला आठवतो. उलटं फिरवलं की दळलेलं पीठ कडेने बाहेर पडायचं सोडून आत कोंबलं जातं, हे तेव्हा कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

"ह्यां काय जातां नाय," आजोबा म्हणाले. पण भिंग त्यांनी खाली ठेवलं नाही.

दुपारी ते पुन्हा शेडमध्ये गेले. तुटलेल्या बुशाच्या कडेवर अजून जागा होती. तिथे त्यांनी नवं भोक पाडलं, आधीपेक्षा थोडं मोठं, म्हणजे टॅपला कमी खावं लागेल. भोकाचं तोंड तिरकं घासून घेतलं, म्हणजे कडा उडणार नाहीत. आणि टॅप एकाच दिशेने नेला, पाणी आधीसारखंच सोडत, अजिबात मागे न घेता. आटे नीट पडले.

त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मी म्हटलं, "थांबा. तुम्ही तीन गोष्टी एकदम बदलल्या. यातली नेमकी कोणती उपयोगी पडली?"

"गो, माका बुश करूचो आसा. तुझ्या वर्गाचो प्रयोग नाय."

"बुश एकदाच करायला मिळणार आहे. म्हणूनच विचारते."

ते पुटपुटले, पण त्यांना पटलं. आणखी एक भोक पाडलं, तेवढंच मोठं, तसंच तोंड घासून. या वेळी टॅप जुन्या सवयीने, पुढे-मागे. चार-पाच फेऱ्यांतच 'टिक'. शेजारीण इतकी हसली की स्टूल डगमगलं.

एक कोडं मात्र उरलं. आटे पाडून झाल्यावर टॅप बाहेर काढायचा तर उलटा फिरवावाच लागतो, मग दुपारच्या पहिल्या भोकाच्या वेळी बुश का फुटला नाही? आजोबांना आठवलं की काढण्याआधी त्यांनी नळीने भोक भरपूर धुतलं होतं. म्हणजे दोष उलटं फिरण्यात नव्हता, पिठी आत असताना उलटं फिरण्यात होता. मी हे शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "आवस इतक्या सांगीत नव्हती. पळीच मारी."

उरलेली कांडी आता एका बुशापुरतीच होती, आणि चकमध्ये धरायला जास्तीची लांबी नव्हती. आजोबांनी त्यावर उपाय काढला, तो मला अजून आठवला की हसू येतं. मालवणच्या बाजारातून ओळखीच्या सोनाराकडची लाख आणली. दागिना घडवताना सोनार तो लाखेत बसवतात, तसं कांडीचं बूड त्यांनी पितळेच्या गोल तुकड्यावर लाखेने चिकटवलं आणि चकमध्ये पितळ धरलं. कांडीला जबडा लागलाच नाही. फक्त चाल आणखी हळू ठेवायची, आणि पाणी सतत, म्हणजे लाख तापून सुटणार नाही.

त्या दिवशी शेजारीण स्टुलावर बसली नाही. शेडबाहेर माडाला टेकून उभी राहिली आणि जपमाळ ओढत राहिली. मी सलाइनची बाटली पाहत होते. शेवटचे आटे पाडायची वेळ आली तेव्हा मला आजोबांच्या मनगटाकडेच बघायचं होतं. अर्धा फेरा झाला आणि मनगट मागे जायला निघालं. मला ते स्पष्ट दिसलं. इतक्या वर्षांची सवय बोटांत असते, डोक्यात नसते. त्यांनी डावा हात आणून उजवं मनगट धरलं, जसं रस्ता ओलांडताना लहान मुलाचं धरतात, आणि टॅप पुढेच नेला. पूर्ण पलीकडे. मग भोक धुतलं, पुन्हा धुतलं, आणि हळूहळू टॅप बाहेर आला. दुसरं भोकही तसंच.

लाख गरम करून बुश सोडवला. आजोबांनी तो अंगठ्याने पुसला आणि दारात जाऊन शेजारणीच्या तळहातावर ठेवला.

"घट आवळू नको हां," ते म्हणाले. "स्क्रू बेतान लाव. ह्यो घाबरणारो नाय, पण रागवता."

"तुमच्यासारखोच तर," ती म्हणाली.

भट्टी पहिल्यांदा लावली तेव्हा आम्ही तिघं तिच्या पडवीत बसलो होतो. ताप चढत गेला. वास आला नाही. कोंबडी पायांशी फिरत होती. भट्टी थंड झाल्यावर दार उघडलं, तेव्हा मूर्ती लालसर होऊन जागच्या जागी उभ्या होत्या. एका मेंढपाळाच्या काठीला चीर गेली होती, बाकी सगळं शाबूत.

नाताळात आम्ही इगर्जीत गोठा पाहायला गेलो. पाद्रींनी मूर्तींचं कौतुक केलं आणि मग जरा खालच्या आवाजात शेजारणीला विचारलं, राजांबरोबर म्हैस कशी काय? ती न अडखळता म्हणाली, "पाद्री, उंट थकलो वाटेत. हयसून म्हशीन पोचयल्यान."

तर थोरल्या, तुझं म्हणणं साध्या काचेबद्दल खरं आहे. या काचेबद्दल नाही. आणि तुटलीच, तर ती हत्यारामुळे नाही, हत्यार धरणाऱ्या हाताच्या जुन्या सवयीमुळे. तू अभियांत्रिकी शिकतोस, तुला याचं अधिक नेमकं कारण सांगता येईल. मला ते वाचायला आवडेल.

आता काय उरलंय ते सांगते. लेथ गेला. सलाइनची बाटली मी टाकून दिली. बुश भट्टीत आहे, आणि भट्टी चालू आहे. परवाच तिने पणत्या भाजल्या. इगर्जीतल्या गोठ्यात उंट दरवर्षी उभा राहतो. पहिला, तुटलेला बुश माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, त्याच्या कडेवर एक नीट आट्यांचं भोक, एक कोरं आणि दोन फुटकी.